डावीकडे झुकलेली चंद्रकोर

सन दोन हजार चोवीस, डिसेंबर महिन्याची अकरा तारीख, वार बुधवार, सकाळचे साडेदहा. स्थळ पनवेल, टपाल नाक्यामागच्या गल्लीतील एका चौमजली इमारतीचा दुसरा मजला. या वेळी आणि या स्थळी मनस्वी नावाची चोवीस वर्षांची नियोजित वधू आरशासमोर स्टुलावर बसली होती, केशभूषा करणारी प्रांजल तिच्या अंबाड्यावर मण्यांची एक चंद्रकोर तिसऱ्यांदा बसवू पाहत होती, आणि चंद्रकोर तिसऱ्यांदा घसरत होती. लग्न परवावर आले होते.

"हा पीस एका बाजूलाच जड आहे गं," प्रांजल म्हणाली. "डावीकडे मोज, सात ओळी. उजवीकडे चारच. बॅलन्स म्हणून नाही."

"आईची स्टाइलच आहे ती. रंभाची चंद्रकोर म्हणजे डावीकडे झुकलेली, पनवेलमध्ये कुणालाही विचार."

"स्टाइल राहू दे. मांडवात भटजींच्या ताम्हणात पडली की मला शिव्या घालशील."

पलंगावर साड्यांच्या घड्या घालीत बसलेली मनस्वीची आई रंभा यावर कसनुसे हसली. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, मांडीवर भिजलेल्या वालांचे पातेले घेऊन बसलेल्या सत्यवतीची, मनस्वीच्या थोरल्या काकूची, वाल सोलणारी बोटे जागच्या जागी थांबली.

कारण ते आभूषण बसत का नाही, हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होते. पहिली पिन वरून लावायचीच नव्हती. ती डाव्या कानामागून, खालून वर, तिरपी जायला हवी होती. तिथे केस दाट होते, आणि त्याच्या वर दोन बोटांवर जो केसविरहित, गुळगुळीत, गुलाबी व्रण होता, त्याला न दुखवता सात ओळींचा भार कानामागच्या हाडावर अलगद टेकायला हवा होता. सांगायला एक वाक्य पुरे होते, करायला दोन पळे. परंतु दारापासून स्टुलापर्यंतची ती सात पावले सत्यवतीला अठरा वर्षे वर्ज्य होती.

अठरा वर्षांपूर्वी हे कुटुंब पनवेलजवळच्या कोन गावी राहत होते. सत्यवतीचा नवरा काशिराम लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेला, मूलबाळ नव्हते, आणि धाकट्या दिराची सहा वर्षांची मुलगी दिवसभर तिच्याच पदराला धरून असे. दर रविवारी जास्वंदीची फुले घालून खोबरेल तापवायचे, पळीतला एक थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकायचा, चटका बसत नाही अशी खात्री झाली की मगच पोरीच्या टाळूवर धरायचे, हा तिचा रिवाज. त्या रविवारी नात्यात हळद होती, अंगणाबाहेर रिक्षा खोळंबली होती, सत्यवती मागच्या दारी कपडे वाळत घालीत होती, आणि घाई झालेल्या रंभाने पळी उचलली ती पाठमोऱ्या पोरीच्या थेट डोक्यावर नेली... मनगट मध्ये आलेच नाही.

सासरे, ज्यांना घरीदारी सगळेच दाजी म्हणत, ते गावात शेताच्या बांधांचे तंटे तोडायला बसणारे गृहस्थ होते. त्यांचा निवाडा एका वाक्याचा असे आणि त्यावर दुसरे वाक्य होत नसे. पोरीला दवाखान्यातून आणल्यावर ओटीवर बसून त्यांनी विचारले, "कुनाचा हात?" रंभा भिंतीला टेकून उभी होती. हिचे नाव निघाले तर हिला आजच्या आज माहेरी धाडतील आणि पोर मात्र इथेच ठेवून घेतील, हे सत्यवतीला स्वच्छ दिसले; आणि आईवाचून राहिलेल्या पोरीपेक्षा काकूवाचून राहिलेली पोर बरी, एवढाच विचार करून ती म्हणाली, "माजा." तेलाचा रिवाज तिचाच होता, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

"सत्यवतीचा हात हितून पुढं पोरीच्या डोक्याला लागायचा नाय," दाजी म्हणाले.

महिन्याभरात राग निवळेल असे तिला वाटले होते. राग निवळलाही, निवाडा मात्र राहिला. दाजींना तो मागे घ्यायचे कारण नव्हते, रंभाला मागे घ्यायला लावण्याचे धैर्य नव्हते, आणि मुलगी 'काकूने मला भाजलं' या एका वाक्यावर वाढत गेली. त्यागाने मन उंच होते म्हणतात; सत्यवतीला तसे कधी जाणवले नाही. जाणवला तो थकवा... रोज तेच खोटे, बोलावेही न लागता, अंगावर वागवल्याचा थकवा.

हात वर्ज्य होता, डोळे नव्हते. पंगतीत ती मनस्वीच्या मागे बसे आणि तो व्रण पाही. दोन बोटांचा व्रण डोक्याबरोबर वाढून तीन बोटांचा झाला, हे तिने नजरेनेच मोजले. मुलगी दहावीला असताना शाळेच्या निरोपसमारंभाला ओढणी डोक्यावरून काढायला तयार होईना, तेव्हा सत्यवतीने प्रथमच नारळाची करवंटी पालथी घातली, तिच्यावर चुन्याने व्रणाचा आकार काढला, आणि बारीक तारेत मोती व काचेचे नळीमणी ओवून त्या चुन्याच्या डागावर अशी एक चंद्रकोर वळवली की डाग कुठून पाहिले तरी दिसू नये. तयार झालेली चंद्रकोर तिने दिवसभर पदराआड स्वतःच्या अंबाड्यात खोचून भाकऱ्या केल्या, पाणी भरले, दुपारची वामकुक्षी केली. कुठे टोचते ते पाहून आतून मलमल लावली. मग ती रंभाच्या हाती दिली. "तू केलीस म्हन," ती म्हणाली. "माजं नाव निगालं तर ती घालायची नाय."

मनस्वीने ती घातली. समारंभात चार मुलींनी विचारले, पुढे चाळीस बायकांनी. दुकान झाले, दुकानावर रंभाचे नाव लागले, मोबाइलवर त्याचे पान निघाले, आणि त्या पानावर मनस्वीने लिहिले की आईने माझी जखम झाकण्यासाठी ही पहिली चंद्रकोर घडवली. ज्यांच्या डोक्याला कसलाही व्रण नव्हता अशा शेकडो बायका डावीकडे झुकलेली चंद्रकोर हौसेने मिरवू लागल्या. मागच्या खोलीत सत्यवती दार लावून ओवीत राहिली. करवंटी तीच होती. दर खेपेस, वस्तू बाहेर जाण्यापूर्वी, एक दिवस तिच्या डोक्यावर, पदराखाली.

"आई," आरशासमोरून मनस्वी म्हणाली. तिने चंद्रकोर हातात घेऊन उलटी केली होती. "ह्यात केस अडकलाय."

"तुझाच असेल."

"पांढरा आहे."

रंभाचे हात घडीवर थबकले. तिचे स्वतःचे केस, मेंदीने म्हणा की कशाने, गर्द तपकिरी होते. त्या घरातल्या बायकांत पांढरा केस एकाच डोक्यावर होता. मनस्वीने तो लांबलचक रुपेरी केस तारेतून हळूहळू ओढून काढला, उजेडात धरला आणि दाराकडे पाहिले.

"ही काकूने केलीय?"

प्रांजलने पिनांचा डबा उगाच बंद केला.

"आई, मी तुला विचारतेय. परवा माझं लग्न आहे आणि माझ्या डोक्यावर काय घालतेय ते मला कळू दे. ही तू केलीस का हिने?"

"अगं, काम दोघी मिळूनच..."

"मिळून?" मनस्वी उठली. तिचा आवाज चढला नाही. उलट तो उतरत गेला, आणि म्हणूनच ऐकवेना. "जिच्या हाताने माझं डोकं जळलं, तिच्या हातचं डोक्यावर घेऊन मी मांडवात बसू? होणाऱ्या सासूला, सत्यजीतच्या आईला, काय सांगू, तीच जाळते आणि तीच झाकते? प्रांजल, कात्री दे."

"जाऊ दे ना गं, इतकी सुंदर..."

"दे म्हटलं ना."

कात्री हातात आली. सत्यवतीने पातेले बाजूला ठेवले. ती उठली नाही. हे एक ना एक दिवस व्हायचेच होते, आणि झाल्यावर आपल्याला फार दुःख होईल अशी तिची कल्पना होती. प्रत्यक्षात तिला केवळ हलके आणि फार दमल्यासारखे वाटले, चढण संपल्यावर वाटते तसे.

"कात्री नको घालूस, मने," ती म्हणाली. कित्येक वर्षांत ती त्या मुलीशी इतके सलग बोलली नव्हती. "कात्रीनं तार तुटंल नि मनी फुटतील. शेवटची गाठ डाव्या टोकाला हाय, मलमलीच्या आत. ती सोड, समदं आपोआप उतरंल. मनी वाटीत घे. कुनाच्या तरी कामाला येतील."

मनस्वीने मलमल उचकटली. गाठ सापडली. मलमलीखाली तिच्या बोटांना आणखी काहीतरी लागले : तारांच्या जाळीत मुद्दाम ठेवलेला एक खळगा, जिथे एकही मणी, एकही टोक नव्हते, तीन बोटे रुंद, एका कडेला किंचित दुमडलेला... तिच्या स्वतःच्या व्रणाचा हुबेहूब आकार. तिने नकळत हात डोक्यामागे नेला आणि मग पुन्हा खळग्यावर ठेवला.

"सोड गं," सत्यवती म्हणाली. "गाठ कडक हाय, नख लाव."

"थांब," रंभा म्हणाली.

तिच्या मांडीवरची साडी घसरून खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"तेल मी ओतलं होतं, मनू."

"काय?"

"रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पळी मीच उचलली. ताई तर मागच्या दारी होत्या, त्यांचे हात ओले होते, ओल्या हातांनीच धावत आल्या आणि तुला उचललं. दाजींनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि त्यांच्या तोंडून माझ्याऐवजी फुटला. दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मग तुझी पट्टी सुटल्यावर. मग तू पहिलीत गेल्यावर. तू मला 'तू मला नाही भाजलंस, तू चांगली' म्हणून मिठी मारलीस ना, त्यानंतर मला ते जमलंच नाही गं... त्या मिठीला मी चिकटून बसले."

मनस्वी सत्यवतीकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत कृतज्ञता नव्हती.

"खरं आहे हे?"

"आता उकरून काय करायचं. पोरीचं लगीन हाय."

"ती पोर मीच आहे, काकू. मला विचारलं का कुणी? मला आई राहावी म्हणून तू हे केलंस, ठीक. पण माझी काकू होती ना, रविवारची, मनगटावर तेल टाकणारी? मला ती आठवते. मी तिचा तिरस्कार करायचे आणि तरी मला ती आठवायची. ती तुम्ही दोघींनी मिळून माझ्याकडून काढून घेतलीत."

अठरा वर्षांत आपण काय सोसले याचा विचार सत्यवतीने पुष्कळ वेळा केला होता. या मुलीने काय गमावले याचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आपण केवळ स्वतःचेच दान केले, अशी तिची समजूत होती. त्या दानात दुसऱ्याचीही वस्तू गेली होती, आणि हे तिला आज, वालाच्या सालींनी चिकट झालेल्या बोटांनिशी, कळत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते पुसायलाही हात स्वच्छ नव्हते.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "एवढं डोक्यातच नाय आलं."

मनस्वी स्टुलावर बसली. तिने आरशाकडे पाठ केली नाही, तोंडही फिरवले नाही. अंबाड्यातल्या पिना एकेक करून काढल्या, केस मोकळे सोडले, गाठ न सोडलेली चंद्रकोर खांद्यावरून मागे धरली आणि वाट पाहिली.

"ये ना," काही वेळाने ती आरशातल्या सत्यवतीला म्हणाली. "प्रांजलला नाही जमत."

सत्यवती उठली. तिने नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सवयीने तिची मान बाहेरच्या खोलीकडे वळली. तिथे उंबऱ्याला काठी टेकून दाजी उभे होते. ते केव्हापासून उभे होते, कुणाला माहीत नव्हते. वय पंच्याऐंशी, एक डोळा गेलेला, कान मात्र शाबूत.

"रंभा," ते म्हणाले. "कुनाचा हात?"

"माझा, दाजी."

"सत्यवती. माज्यासमोर खोटं बोललीस?"

"बोलले."

"आन् मी फिरून इचारलं बी नाय." म्हातारा खाली बघत राहिला. काठीचे टोक फरशीवर एकदा सरकले, पुन्हा जागेवर आले. आयुष्यात एका तंट्यावर ते दोनदा बोलले नव्हते. या घरच्या तंट्यावर ते आज दुसऱ्यांदा बोलले, आणि नेहमीच्याच आवाजात.

"माजा निवाडा चुकला. पोरीच्या डोक्याला हात सत्यवतीचाच लागंल."