व्रिसाकीची घंटा

मारूसोबाईंना काहीही करून व्रिसाकीला पोचवायचं होतं, आणि तेही अंधार पडायच्या आत. ग्रीसमधल्या आंद्रोस बेटाच्या या बाजूला उरलेली ती एकच सुईण. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. व्रिसाकी वर डोंगरात. तिथे झानीस कोळ्याची एकुलती एक लेक इरिनी अडली होती आणि मूल पायाळू होतं.

एरवी एवढ्याशा वाटेचं कुणी कौतुक केलं नसतं. गाडीत बसायचं, वळणं मोजत वर जायचं. पण परवापासून बर्फ कोसळत होता.

इशारा मिळाला नव्हता असं नाही. हवामानखात्यानं सांगितलं तेव्हा बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात सगळे पोट धरून हसले होते. आंद्रोसवर बर्फ म्हणजे वर्षातून एखादी सकाळ, डोंगरमाथ्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी, तीही जेवणाच्या आत वितळणारी. पहिल्या दिवशी लोकांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी बेकरीचं सपाट छप्पर भाराखाली बसलं आणि मग हसणाऱ्यांचे चेहरे उतरले. बर्फ उपसायला फावडी कुठली असणार? कुणी पाव भट्टीत सारायची लांब फळी घेतली, कुणी मासळीचे क्रेट, कुणी घरचा परातीएवढा तवा. खानावळींतलं मीठ गोळा करून रस्त्यावर टाकलं, ते चर्चपासून औषधाच्या दुकानापर्यंत पुरलं. बर्फ हटवायचं यंत्र समुद्रापलीकडे होतं. वारा पडला की पहिल्या बोटीनं पाठवतो, असं तिकडून आश्वासन आलं. ढग एवढे खाली की हेलिकॉप्टरचं नावच नको. टायरला बांधायच्या साखळ्यांची एकच जोडी होती टॅक्सीवाल्याकडे, आणि त्या शहाण्यानं ती कधीच आपल्या नावेच्या नांगराला जोडून टाकली होती.

सकाळी वरून फोन आला. इरिनीची सासू आनेझिओ बोलत होती, "पाणी गेलंय हो! दिवस भरायच्या आधीच! मारूसोबाईंना घेऊन या!"

"येतो!" झानीस ओरडला. "वर ढग असणार, वाट दिसायची नाही. देवळाची घंटा वाजवत राहा. सतत! ऐकू येतंय ना?"

"वाजवते कुणाकडून तरी..." आणि फोन मेला. वीज गेली, तिच्याबरोबर मोबाइलचा मनोराही गेला.

झानीसची बायको फ्लोरा भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकच वाक्य म्हटलं. "लेकीला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस." तिला तसं म्हणायचं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मारूसोबाईंना चालवणार कसं? झानीसनं किनाऱ्यावर उलटं पडलेलं आपलं छोटं होडकं सरळ केलं. तळ गुळगुळीत, लाकूड हलकं. पुढे दोर बांधले, आत गाद्या टाकल्या आणि वर बाईंना बसवलं. होडक्याच्या कडेला निळ्या रंगात नाव होतं, 'इरिनी'. लेकीच्या बारशाला त्यानं ते स्वतः रंगवलं होतं.

दुसरा दोर धरायला आला त्याचा व्याही, फ्रांगूलिस. व्रिसाकीचा मेंढपाळ, डुक्कर कापल्यावर सॉसेज विकायला खाली आला आणि बर्फात अडकून पडला.

"तुमच्या डुकरापायी झालं हे सगळं," झानीस दोर खांद्यावर घेत म्हणाला. "नवव्या महिन्यातल्या पोरीला डोंगरावर बोलावतं का कुणी?"

"सूनबाई आपल्या पायांनी आली, व्याहीबुवा. आमच्याकडे डुक्कर कापायच्या दिवशी सगळं घर लागतं. तुम्हा कोळ्यांचं बरं असतं, मासा बापडा एकट्यानंच मरतो."

"तुमचा मुलगा कुठे होता?"

"जहाजावर. तुम्हीच शोधलात ना खलाशी जावई!"

"पोरांनो," होडक्यातून मारूसोबाई म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्याही बायकांची बाळंतपणं मी केली. तेव्हाही तुम्ही असेच दाराबाहेर भांडत होता. ओढा आता!"

त्यांनी ओढलं.

खालचा रस्ता बरा होता. लिंबाच्या बागा पांढऱ्याखाली दबलेल्या, फांद्या मोडून पडलेल्या, मधूनच एखादं पिवळं लिंबू बर्फात बसलेलं. रबरी बुटांवर दोघांनी गोणपाटं गुंडाळली होती, त्यामुळे पाय घसरत नव्हता. होडकं झकास सरकत होतं. मारूसोबाईंनी तर रकीची, गावठी कडक दारूची, बाटलीही फिरवली. झानीसला क्षणभर वाटलं, जमलं! दुपारपर्यंत पोचू!

पुलाशी फ्रांगूलिस थांबला. "इथून जुनी पायवाट घ्यायची. दोन्हीकडे दगडी बांध आहेत, वारा लागत नाही. जन्म गेला माझा त्या वाटेवर."

आंद्रोसच्या माणसाला वारा टाळायची सवय हाडात मुरलेली असते. बेटावरच्या साऱ्या जुन्या वाटा म्हणूनच दोन भिंतींमध्ये खोल गेलेल्या. झानीसलाही ते पटलं. नेमकी इथेच चूक झाली!

वाऱ्यानं डोंगरभरचा बर्फ लोटत आणून त्याच वाटेत भरून ठेवला होता. वरून सपाट, पांढरं, निष्पाप. पुढचं वळण गाठलं आणि फ्रांगूलिस दिसेनासा झाला.

"व्याही!"

बर्फातून फक्त टोपी वर होती. झानीसनं पोटावर पडून हात आत घातला. कॉलर सापडली. ओढली! निसटली. पुन्हा ओढली! मारूसोबाईंनी त्याचे पाय धरून ठेवले होते. शेवटी फ्रांगूलिस बाहेर आला, मिशा पांढऱ्या.

"जन्म गेला म्हणे त्या वाटेवर," झानीस धापा टाकत म्हणाला. "आत्ता खरंच गेला असता!"

यावर व्याही उत्तर देईल अशी त्याची खात्री होती. पण फ्रांगूलिसनं टोपी झटकून डोक्यावर घातली आणि नुसतं उघड्या उताराकडे बोट दाखवलं.

वाट सोडून ते उघड्या उतारावरून निघाले. इथे बर्फ उथळ, पण वारा कानफटात मारणारा आणि खाली घळ. होडक्याला आता वर यायचंच नव्हतं, ते आडवं घसरत घळीकडे ओढ घेऊ लागलं. एकाएकी खालचा बर्फ सुटला. होडकं फिरलं! मारूसोबाई बाजूला फेकल्या गेल्या आणि एका दगडी बांधाला जाऊन अडकल्या. फ्रांगूलिसचा दोर हातातून सुटला, झानीसचा त्याच्या खांद्यात रुतला. तो गुडघ्यांवर आला. घसरू लागला!

"कापा!" फ्रांगूलिस ओरडला. "दोर कापा, व्याही!"

सुरी कमरेलाच होती. पण होडक्याच्या कडेचं निळं नाव त्याच्याकडेच वळलेलं होतं. समुद्रावरची माणसं असल्या गोष्टी मानतात. आजच्या दिवशी हे नाव घळीत सोडायचं? त्याचा हात थांबला.

"अरे, ते लाकूड आहे!" मारूसोबाई किंचाळल्या. "लेक वर आहे!"

झानीसनं दोर कापला. होडकं आवाज न करता धुक्यात गेलं. बऱ्याच वेळानं खालून लाकूड फुटल्याचा आवाज आला. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

मग बाई चालू लागल्या. एकीकडे व्याही, दुसरीकडे व्याही, मधे त्या, दर चार पावलांनी गुडघ्यांना शिव्या देत. थोडं चढले आणि ढग खाली उतरला. पुढचं काही दिसेना, मागच्या पाऊलखुणाही बुजू लागल्या. आता सगळी भिस्त घंटेवर होती.

आणि घंटा ऐकू आली.

टण्.

तिघंही थांबले. पुढचा ठोका येईचना. एखाद्याचा श्वास सुटेल एवढा वेळ गेला.

टण्.

बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. लग्न असो, सण असो, घंटा कशी धावत सुटते. सुटा एकेक ठोका आणि मधे ती लांब शांतता, हे फक्त माणूस गेल्यावर.

फ्रांगूलिसनं टोपी काढली. सवयीनं काढली आणि मग आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं. झानीस बर्फात बसला. फ्लोराचं वाक्य त्याच्या डोक्यात घुमू लागलं. आता वर जाऊन काय करायचं? थंडगार कपाळ चुंबायला जायचं?

"ऊठ," मारूसोबाई म्हणाल्या.

"बाई, ऐकलंत ना..."

"ऐकलं. घंटा नाव सांगत नसते. मूल गेलं असेल तर आई वाचवायची आहे. आई गेली असेल तर मूल. दोघंही गेली असतील तर त्यांना नीट करायला बाई माणूस लागेल. काही झालं तरी माझं काम वरच आहे, आणि तुझ्या खांद्याशिवाय मला जाता येत नाही. ऊठ, झानीस!"

फ्रांगूलिसनं हात पुढे केला. "चला, व्याही," तो म्हणाला. "ती माझीही मुलगी आहे." आजवर सूनबाईशिवाय दुसरा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

झानीस उठला.

त्यानंतरची चाल त्याला जन्मभर विसरता येणार नव्हती. जो आवाज कानांवर पडू नये असं वाटत होतं, त्याच्याच मागे जायचं होतं. टण्. डावीकडे. टण्. जरा वर. प्रत्येक ठोका काळजावर पडत होता आणि प्रत्येक ठोक्याला पाऊल पुढे टाकावं लागत होतं.

मग घंटा थांबली!

झानीसचा पुढचा पाय टेकलाच नाही. खाली काही नव्हतं. फ्रांगूलिसनं त्याला पट्ट्याला धरून मागे खेचलं. गावाजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी कडा आहे, हे फ्रांगूलिसला माहीत होतं, पण तो कडा डावीकडे होता की उजवीकडे? ढगात डावं-उजवं उरलं नव्हतं. तिघं एकमेकांना धरून उभे राहिले. वारा घोंगावत होता. हलायचं तरी कुठे?

"वाज," झानीस पुटपुटला. मग ओरडला, "वाज ना गं बाई! मेल्याची तर मेल्याची, पण वाज!"

किती वेळ गेला कोण जाणे. मारूसोबाईंचे दात वाजू लागले होते.

टण्!

अगदी जवळ. उजवीकडे! तिघं रांगतच निघाले. हाताला भिंत लागली, भिंतीला दार लागलं, दारातून शेळ्यांचा वास आला. फ्रांगूलिस रडत हसला. "माझा गोठा! माझाच गोठा आहे हा!"

घराचं दार उघडलं तेव्हा झानीसला आत पाहवेना. त्यानं डोळे मिटले.

"बाबा?" आतून आवाज आला. आवाज फाटलेला होता, थकलेला होता, पण इरिनीचा होता. मागोमाग ती कळेनं किंचाळली. आयुष्यात त्याला इतकी गोड किंकाळी ऐकायला मिळाली नव्हती.

"एवढा उशीर!" आनेझिओ मारूसोबाईंचा कोट काढत म्हणाली. "मूल अजून आतच आहे."

"मग ही घंटा कुणाची?" फ्रांगूलिस ओरडला.

"आपल्या लेओनार्दोस आजोबांची. दोर गोठून तुटला, म्हणून हातोडा घेऊन वर चढलेत. म्हातारा बहिरा ठार! हात पार गळलेत, एकेक ठोका कसाबसा पडतोय, आणि त्यांना वाटतंय आपण ईस्टरची वाजवतोय! मी खिडकीतून ओरडून ओरडून दमले. मधे एकदा रकी प्यायला उतरले होते, तेव्हा म्हणाले, कशी झकास वाजवतोय, नाही?"

मारूसोबाईंनी चुलीपाशी हात शेकले. "गरम पाणी," त्या म्हणाल्या. "आणि हे दोन बैल बाहेर."

दोन्ही व्याही दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसले. या खेपेला भांडले नाहीत. आत कधी बाईंचा दरडावणारा आवाज, कधी किंकाळी, कधी नुसती शांतता. शांतता फार वाईट होती. बाई एकदा म्हणाल्या, "पाय आले." मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग, "आता खांदा. जोर नको. जोर नको म्हणते ना! आता... आता कर!"

पुन्हा शांतता. एक चापट. आणखी एक.

आणि मग एक बारीक, चिडकं रडणं दाराबाहेर आलं.

"मुलगी!" आनेझिओ आतून ओरडली. "दोघी बऱ्या आहेत!"

फ्रांगूलिसनं झानीसला मिठी मारली, मिशांतला बर्फ त्याच्या गालाला लागला. तेवढ्यात वरून आवाज आला.

टण्.

झानीस ताडकन् उठला. वारा उत्तरेचा होता. वरून खाली, थेट बंदरावर जाणारा. ही घंटा त्यांनी तिघांनीच ऐकली नव्हती.

"फ्लोरा!" तो म्हणाला. "दुपारपासून ती हेच ऐकत बसली असेल!"

तो धावला. देवळाच्या घसरड्या पायऱ्यांवर दोनदा पडला. वर लेओनार्दोस आजोबा घोंगडीत गुरफटून, डोळे मिटून हातोडा उचलत होते. झानीसनं त्यांच्या हातातून तो घेतला. आजोबांनी डोळे उघडून नुसत्या ओठांनी विचारलं, काय झालं? झानीसनं दोन्ही हातांनी बाळ जोजवून दाखवलं आणि मग दोन्ही हातांनी हातोडा धरला.

टण्टण्टण्टण्टण्! घंटा धावत सुटली. लग्नाची, ईस्टरची, बारशाची, सगळी एकदम. खांद्यात दोर रुतलेली जखम उघडली, हातोड्याचा दांडा हातातून सटकू लागला, तरी तो थांबला नाही. ढग फाटत चालला होता, खाली बंदर अंधारात बुडत होतं. एकही दिवा नव्हता, कुठून काही उत्तर नव्हतं. तो वाजवत राहिला. ऐकलं नसेल तर? दार-खिडक्या लावून रडत बसली असेल तर? टण्टण्टण्टण्!

आणि खालून, फार खालून, बंदराच्या देवळाची घंटा एकदा वाजली. विचारल्यासारखी.

झानीसनं होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून पुन्हा हातोडा चालवला.

खालची घंटा क्षणभर थांबली आणि मग तीही धावत सुटली. ती थांबेपर्यंत त्यानं हातोडा खाली ठेवला नाही.