खालचं घर

आमच्या इराणात, यझ्दकडच्या गावांत पाटाचं लग्न लावतात. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीच्या पोटातून पाणी आणणारा पाट हा पुरुष. एकटा राहिला की रुसतो, आटतो. म्हणून गावातली एखादी विधवा त्याला देतात. तिनं अधूनमधून त्याच्या पाण्यात उतरून अंघोळ करायची, गावानं तिला गहू घालायचा. हसू नका. माझी गोहर आधी त्याची बायको होती.

मी तिला रीतसर मागितली. मुल्लांनी पाटाच्या तोंडाशी उभं राहून त्याच्या वतीनं तलाकही वाचला. पाट काही बोलला नाही. त्याच उन्हाळ्यात पाणी आटलं.

"मश्दी नौरूज, बायको परत कर," पाणी वाटणारा हबीबुल्ला चारचौघांत म्हणाला. "तुझी डाळिंबं वाळली तर वाळू देत. आमची का म्हणून?"

"आत छत कोसळलं असेल. ते दाखवलं तर गोहरचं नाव काढणं सोडाल?"

"दाखव तर खरं."

मग यझ्दहून ताबान नावाची इंजिनीअर आली, कासवाएवढं चाकांचं यंत्र घेऊन. उतरली आमच्याकडेच.

"खाली उपग्रह दिसत नाही, मश्दी," ती म्हणाली. "हे प्रकाशानं भिंती चाचपतं, आपली चाकं किती फिरली ते बघतं. नकाशा काढता काढताच त्यात आपण कुठं आहोत हेही ठरवतं. पाहिलेली जागा पुन्हा दिसली की ओळखतं आणि मागच्या चुका सुधारतं."

"म्हणजे माझ्याहून हुशार."

"तुमच्याहून कोण नाही?" चहा ओतत गोहर म्हणाली.

दुपारी ताबाननं चाचणी म्हणून ते आमच्या घरभर फिरवलं. गोहर बहिणीकडे गेली होती. दर गुरुवारी जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हबीबुल्लासमोर, पाटात उतरणाऱ्या विहिरीतून यंत्र दोरानं खाली सोडलं. मागे तार ओढत ते निघालं. वर ऊन भाजत होतं, विहिरीच्या तोंडातून ओल्या मातीचा गार वास येत होता. कोरड्या पाटातून ओला वास कसा, हे मला तेव्हा सुचलं नाही. ताबानच्या हातातल्या पडद्यावर सरळ रेघ वाढत होती. भुयार सरळच आहे, माझ्या आजोबांनी उपसलेलं.

मग रेघ थांबली.

"ही जागा ओळखीची आहे म्हणतंय," ताबान म्हणाली.

"कुठली?"

"तुमचं घर."

हबीबुल्ला हसला. एकटाच.

"एकसारख्या भिंती दिसल्या की फसतं कधी कधी." तिनं कालचा नकाशा पुसून टाकला. "आता कोऱ्या पाटीवर."

यंत्र पुन्हा चाचपू लागलं. उंबरठा उमटला. डावीकडे तंदूर. बैठकीची खोली, तिचा झुकलेला कोपरासुद्धा. चहाचा समोवार ठेवायचा ओटा.

माझी पेटी नव्हती. मी टेकून बसतो तो लोडही नव्हता. माझं सोडून सगळं होतं. आतल्या खोलीच्या मधोमध गादी होती, दोघांची.

गोहर चहाचा थर्मास घेऊन माझ्या मागे येऊन उभी होती. माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "तिथं नाही ती. काल भिंतीला लावली मी."



यंत्र जरासं पुढे सरकलं. मधली गादी पुसली गेली. भिंतीलगत उमटली.

"काल तू बहिणीकडे होतीस," मी म्हणालो.

"हो ना." तिनं थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

तार सैल पडली. आम्ही ओढली, तर टोक हातात आलं. तुटलेलं नव्हतं. नीट सोडवलेलं होतं.

ताबान जेवायला थांबली नाही.

संध्याकाळी पाटाला पाणी आलं. यंदा डाळिंबांनी फांद्या वाकल्यात. गोहरला परत कर, असं हबीबुल्ला आता म्हणत नाही. रस्त्यात भेटला की मान खाली घालतो.

परवा आम्ही दोघं जेवत होतो. आबगोश्ताच्या मटणरश्शात मीठ कमी पडलं होतं. गोहरनं बोलता बोलता, न बघता, मागच्या सपाट भिंतीकडे हात नेला. बोटं मातीला अडली.

"विसरलेच," ती म्हणाली. "इथं कोनाडा नाही."