गार कूलरचं कोडं

मिरजेच्या दिगंबर काकिर्डे यांना या व्यवहारात चार फायदे होणार होते. दुकानात तयार मिळणारा गेमिंग कॉम्प्युटर शहाण्णव हजारांचा होता. सुटे भाग आणून घरी जोडला तर तो एक्कावन्न हजारांत होत होता. म्हणजे पंचेचाळीस हजार वाचणार, हा पहिला. मुलगी सुट्टीत काहीतरी शिकेल, हा दुसरा. कोल्हापूरच्या मेव्हण्याने तयार मशीन घेतलं होतं, त्याला ही किंमत दर रविवारी फोनवर ऐकवता येईल, हा तिसरा. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा. चौथा फायदा दोन वर्षांनंतरचा होता. मशीन विकायचं झालं तर ते नव्यासारखं दिसायला हवं, आणि वस्तू नव्यासारखी ठेवण्यात काकिर्डेंचा हात धरणारा माणूस अख्ख्या कॉलनीत नव्हता. टीव्हीचा रिमोट आलेल्या पिशवीतच राहत होता. वॉशिंग मशीनवरचा स्टिकर नऊ वर्षांत जागचा हलला नव्हता. सोफ्यावरच्या प्लास्टिकला उन्हाळ्यात पाहुणे असे चिकटत, की ते उठले की सोफाही थोडा उठायचा.

त्यांच्या बारा वर्षांच्या शाल्मलीला एकच गोष्ट मिळणार होती, ती म्हणजे मशीन. त्यासाठी तिने आपली सायकल विकून अकरा हजार घातले होते. घरातल्या यंत्रमानवाला, म्हणजे कासंडीला, काहीच मिळणार नव्हतं. म्हणून तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. कासंडी पूर्वी एका दूध संकलन केंद्रात कामाला होती. दोन हजार त्रेचाळीस साली ते केंद्र बंद पडलं, तेव्हा बाबांनी तिला स्वस्तात घरी आणलं. दुधाच्या कासंडीसारखं तिचं गोल पोट बघून शाल्मलीनेच तिला हे नाव दिलं होतं.

आज शनिवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि मशीन सातव्यांदा अडकलं होतं.

आठवडाभर हेच चाललं होतं. मशीन सुरू करायचं, अवकाशयानांच्या शर्यतीचा गेम लावायचा. पहिली सात मिनिटं यान लोण्यासारखं सरकायचं. आठव्या मिनिटाला ते अडखळायचं, आणि मग खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या रिक्षासारखे गचके खात चालायचं. अर्धा तास बंद ठेवलं की पुन्हा सात मिनिटं झकास. आठव्या मिनिटाला पुन्हा तेच.

भाग ज्यांच्याकडून आणले त्या पीरजादेकाकांचा नियम असा होता, की सात दिवसांत माल परत आणला तर पैसे परत. ते सात दिवस आज संध्याकाळी सहाला संपत होते. बाबांनी पीरजादेंना फोन लावला आणि जुना माल नवा म्हणून खपवलात, असं स्पष्ट सुनावलं. पीरजादे चिडले नाहीत. सहाच्या आत सगळं खोक्यांसकट आणा, पैसे मोजून देतो, एवढंच म्हणाले. त्यांचं हे शांत बोलणं बाबांना गुन्ह्याची कबुली वाटलं.

खोकी अर्थातच सगळी जपून ठेवलेली होती. बाबा ती कपाटावरून काढू लागले, आणि काढता काढता त्यांनी जाहीर केलं, की परत आलेले पैसे शाल्मलीच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत जातील. सायकल तर गेलीच होती, आता मशीनही जाणार होतं. तिने बाबांकडे एक तास मागितला. बाबांनी घड्याळाकडे बघून पन्नास मिनिटं दिली.

तिने गेम पुन्हा लावला आणि मशीनचं झाकण काढून आत हात घातला. सीपीयू (कॉम्प्युटरचं सगळं गणित करणारी मुख्य चिप) कूलरखाली झाकलेला होता. कूलर म्हणजे तांब्याचा तळ, त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चळत, आणि त्यांवर वारा घालणारा पंखा. चिपमधली उष्णता ओढून घ्यायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची, हे त्याचं काम. आठवं मिनिट लागलं, यान अडखळलं. शाल्मलीने पात्यांना बोट लावलं.

"गार आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "कूलर एकदम चांगला आहे. म्हणजे चिपच खराब."

"ताई, चिपचं तापमान किती?" कासंडीने दारातूनच विचारलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा होता: अठ्ठ्याण्णव अंश.

कासंडी आत आली. तिने आधी शाल्मलीला चिप का तापते ते सांगितलं. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म बटणं असतात. ती क्षणोक्षणी चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी वीज घेतात. ती वीज काम झाल्यावर कुठे जाते? तिची उष्णता होते. खेळ जितका अवघड, तितकी बटणांची धावपळ जास्त आणि उष्णताही जास्त. ती बाहेर गेली नाही तर चिप जळेल. म्हणून शंभरच्या आसपास पोचली की चिप आपणहून वेग कमी करते. तुझं यान अडखळतं ते चिप मोडली म्हणून नाही, ती जीव वाचवते आहे म्हणून.

"पण मग कूलर गार का?"

"आमच्या केंद्रात दूध कोमट यायचं," कासंडी म्हणाली. "दुधाची भांडी आम्ही गार पाण्याच्या टाकीत ठेवायचो. एक दिवस टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत गारच राहिलं. प्रमुखसाहेब खूश झाले, टाकी काय झकास चालते म्हणून. रात्री सगळं दूध नासलं. प्रवासात ऊन लागू नये म्हणून भांड्यांना फोमची जाकिटं घातलेली होती, ती कुणी काढलीच नव्हती. ताई, गार पाणी म्हणजे काम न केलेलं पाणी."

शाल्मलीने पात्यांवरचं बोट उचललं. वर गार, खाली अठ्ठ्याण्णव. कूलर तापायला हवा होता. तो तापला नाही, याचा अर्थ उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मध्ये काहीतरी होतं.

तिने मशीन बंद केलं, वायर काढली, निवायला थोडा वेळ दिला आणि कूलरचे चार स्क्रू सोडवले. कूलर उलटा केला. तांब्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा होता. त्यावर लाल अक्षरांत परदेशी भाषेत काहीतरी लिहिलं होतं, आणि राखाडी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे पोचवणारं मलम) त्या प्लास्टिकवर बसली होती.

खोकी बांधणाऱ्या बाबांचे हात थांबले. गेल्या रविवारी शाल्मलीने हे काढू का, असं विचारलं होतं. तेव्हा राहू दे, तळाला चरे पडत नाहीत, विकताना भाव येतो, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"कांद्याच्या पापुद्र्याएवढं तर आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

कासंडीने त्यांना साहेब म्हणून, पण न चुचकारता सांगितलं, की तांब्यातून उष्णता प्लास्टिकपेक्षा सुमारे दोन हजार पटींनी सहज जाते, त्यामुळे पापुद्राही भिंतीचं काम करतो. शिवाय त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, आणि हवा तर उष्णता न्यायला प्लास्टिकहूनही नाखूश. पेस्ट लावायची ती याचसाठी. चिपचा माथा आणि तांब्याचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण भिंगाखाली दोन्हींवर डोंगरदऱ्या असतात. दऱ्यांमध्ये हवा बसते. पेस्ट तिला बाहेर काढून तिची जागा घेते.

शाल्मलीने पापुद्रा सोलला. जुनी पेस्ट पुसली. आणि तिच्या लक्षात आलं, की पेस्टची ट्यूब संपलेली आहे.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. गावात पेस्ट मिळायचं ठिकाण एकच होतं.

दोघं स्कूटरवरून दुकानात पोचले. पीरजादेकाका काउंटरमागे चष्मा पुसत बसले होते. बाबांच्या हातात खोकी नाहीत हे त्यांनी पाहिलं. काय झालं ते शाल्मलीनेच सांगितलं. काकांनी खणातून ट्यूब काढली आणि ट्यूबवरच हात ठेवला.

"काकिर्डेसाहेब, सहा वाजले की तुमच्याकडचा परतीचा कागद रद्द. घरी जाऊन, लावून, बघून परत येईपर्यंत सात वाजतील. तेव्हा भाग परत करायचे की ट्यूब न्यायची, ते आत्ताच ठरवा."

बाबांनी शाल्मलीकडे बघितलं. "खात्री आहे?"

तिला हो म्हणायचं होतं. "नाही," ती म्हणाली. "चिप आठवडाभर तापली आहे. तिने स्वतःला जपलं असेल तर वाचली असेल. वाचली असावी, असं मला वाटतं."

बाबांनी खिशातून परतीचा कागद काढला. एक्कावन्न हजारांचा कागद. त्यांनी तो इतका नीट घडी करून ठेवला होता, की फाडताना त्याच्या घड्यांवरच सरळ चिरफळ्या झाल्या. मग त्यांनी पीरजादेंना फोनवर जरा जास्तच बोललो, असं सांगितलं.

"ऐकलं मी," पीरजादे म्हणाले. "फोन स्पीकरवर होता. दुकानातल्या तिघांनीही ऐकलं."

त्या तिघांपैकी दोघं अजून तिथेच होते. बाबांनी माफी दुसऱ्यांदा मागितली, या वेळी त्या दोघांना ऐकू जाईल अशी. पीरजादेंनी ट्यूबचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर शाल्मलीने चिपच्या मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, कूलर सरळ दाबून बसवला आणि चारही स्क्रू समोरासमोरचे घेत आळीपाळीने आवळले. गेम लावला. साठ अंश. सहासष्ट. सत्तर. बाबा उभेच होते. पाचव्या मिनिटाला आकडा चौऱ्याहत्तर झाला. सातव्याला चौऱ्याहत्तर. आठवं मिनिट लागलं. यान एका लघुग्रहाच्या कडेने वळलं आणि पुढे निघून गेलं. नववं मिनिट. बारावं. आकडा चौऱ्याहत्तरवरच राहिला.

शाल्मलीने पात्यांना बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि हसली. चटका बसला होता. उष्णता जिथे असायला हवी तिथे आली होती.

मग तिला प्रश्न पडला, की कूलरने हवेत सोडलेली ही उष्णता पुढे कुठे जाते. कासंडी म्हणाली, कुठेही जात नाही, नुसती हात बदलत राहते. उष्णता संपवणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही. शाल्मलीने वहीत मशीनपासून न्हाणीघरापर्यंत एक नळी काढली आणि विचारलं, की आंघोळीचं पाणी यावर तापवता येईल का. कोमट नक्की होईल, कासंडी म्हणाली, पण पाणी चिपवर सांडू न देता ते कसं करायचं, ते तुला शोधावं लागेल. वहीचं ते पान त्या संध्याकाळी भरलं, आणि पुढचं सुरू झालं.

राहता राहिलं, कुणी काय भरलं ते. पीरजादेंनी एक ट्यूब भरली आणि तीन गिऱ्हाइकांसमोर थोडं नाव घालवलं. त्यातल्या दोघांपुरतं ते परत मिळालं. शाल्मलीने सायकल भरली. चिपने आपल्या वाट्याची सगळी उष्णता पेस्टला दिली, पेस्टने तांब्याला, तांब्याने पात्यांना, पात्यांनी खोलीतल्या हवेला. कुणीही स्वतःकडे जास्त काही ठेवलं नाही. आणि मे महिन्यात, बंद खोलीत, मशीनच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून आणखी एकच शर्यत बघतो म्हणत बसलेल्या बाबांच्या बनियनमध्ये ती सगळी जमा झाली.