शिशाचं सील

काशीदच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, कस्टमची एक कौलारू चौकी होती. परदेशी जाणारी सुपारी भरून आलेली गलबतं तिथं तपासली जात. मग गलबताच्या पोटावरचं, माल उतरवायचं झाकण बंद करून त्याच्या कड्यांतून तार ओवायची, तारेवर शिशाची गोळी ठेवून पकडीनं चिमटायची. ते सील तुटायचं थेट मुंबईच्या गोदीत, आगबोटीपाशी.

गुप्ते इन्स्पेक्टर बदलून आले तेव्हा स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. इथं गलबतं रखडतात, आगबोटी चुकतात, अशी व्यापाऱ्यांची ओरड होती. ती थांबली तर गुप्त्यांची मुंबईला बदली ठरलेली होती.

वेळ कुठं जातो ते त्यांना लगेच दिसलं. चौकीचा म्हातारा शिपाई नामा सील लावण्याआधी झाकणावर तीनदा ठोकायचा, "कोण हाय का?" म्हणायचा, आणि एक विडी ओढून होईल इतका वेळ कान लावून बसायचा.

"सुपारी ओ देते का रे, नामा?"

खलाशी हसले. नामा हसला नाही.

"मागं एक खलाशी आत पोत्यांवर निजला व्हता, साहेब. सील मुंबईत तुटलं, तवा त्यो गार पडला व्हता. तवापासनं इचारतो."

"मग वर खलाशांची हजेरी घ्यावी. ठोकायचं कशाला?"

"आत असंल त्याला सांगाया नको?"

गुप्त्यांनी ठोकणं बंद केलं, हजेरी सुरू केली. नामानं पकड त्यांच्या हातात दिली. "मंग चिमटा तुमीच."

गलबतं आल्या ओहोटीला सुटू लागली. वरून शाबासकीही आली.

एका दुपारी बुधाजी तांडेलाचं गलबत लागलं. मुंबईची आगबोट दुसऱ्या दिवशी पहाटे सुटणार होती आणि ओहोटी लागली होती. हजेरी झाली, सगळे वरच होते. गुप्त्यांनी शिसं चिमटलं.

तेवढ्यात आतून ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. मग थांबला, कुणी उत्तराची वाट पाहावी तसा.

खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी कमी नव्हतं.

"फोडायचं का, साहेब?" बुधाजीनं हळूच विचारलं.

फोडलं तर सगळं पुन्हा तपासायचं, आणि आगबोट चुकायची.

"लाकूड आहे. उन्हानं आकसतं," गुप्ते म्हणाले. "सोडा गलबत."

गलबत खाडीबाहेर पडेपर्यंत नामा धक्क्यावर उभा होता. मग घरी गेला.

दिवेलागणीला गुप्ते चौकीत एकटेच होते. खारा वारा सुटला म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं, कंदील लावला. खोलीत सुपारीचा ओलसर, तुरट वास होता. रोजच्यापेक्षा जास्त.

दारावर कुणीतरी ठोकलं. तीनदा.

"नामा?" असं ते म्हणणार होते. पण पायरीवर पाऊल वाजलं नव्हतं. फटीतून सावलीही दिसत नव्हती.

लाकूड आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. दमट हवेनं फुगतं.

बाहेर कुणीतरी थांबलं होतं. विडी ओढून होईल इतका वेळ.

ओ द्यावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं.

त्याआधीच बाहेर दाराच्या कडीतून तार सरकल्याचा आवाज आला. मग शिसं चिमटल्याचा, बारीक, ओळखीचा.

पकड त्यांच्यासमोर टेबलावर होती.