अच्छा, चलो

दोन नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्याच्या आधी गवत उपटायचं, विटांना चुना मारायचा, अशी रीत. पास्कल साळवे पावसाळ्यात गेला, त्यामुळे त्याचं हे पहिलंच वर्ष. त्याच्या बायकोचे, मीरावहिनींचे, गुडघे धरलेले. मुलगी रोशनी राइट टाउनच्या शाळेत शिकवायला जायची. मग चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन विष्णुपंतच स्कूटरवर निघाले. मित्राचं काम, दुसऱ्या कोणाला सांगायचं?

दोघं जबलपूरजवळच्या खमरियाच्या कारखान्यात बरोबरच लागले होते. पास्कल मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर त्यानं घराला लागून टिनाची शेड टाकली आणि लोकांच्या स्कूटरी दुरुस्त करत बसला. इंजिनाला किक मारण्याआधी तो छातीवर क्रूसाची खूण करायचा, तीही तेलकट बोटांनी. त्याच्या एकूण एक शर्टांवर चार काळे ठिपके.

"साबण काय तुमचा येशू आणून देते?" मीरावहिनी विचारायच्या.

तो हसायचा. गाडी अडली की लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "थांबा, काय म्हणून राहिली ते ऐकू द्या." घरातही त्याचं तसंच. रोशनी लहानपणी तापली की तिला खांद्यावर घेऊन तो पहाटेपर्यंत अंगणात फेऱ्या मारायचा, आणि सकाळी तसाच ड्यूटीवर जायचा. नाताळच्या करंज्यांचं पहिलं ताट विष्णुपंतांकडे यायचं.

रोज संध्याकाळी विष्णुपंत शेडमध्ये बसत. उठताना म्हणत, "अच्छा, चलो." तो फडक्याला हात पुसत तेच म्हणे. इतर ठिकाणी मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो. जबलपुरात घरी मराठी बोलणारेही 'अच्छा, चलो' म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की, आता मी निघतो. माझ्यासोबत चल, असा अर्थ कोणी घेत नाही.

म्हणजे, जिवंत माणूस तरी घेत नाही.

त्या दुपारी कब्रस्तानात कोणी नव्हतं. ओल्या मातीचा आणि सुकलेल्या झेंडूचा वास येत होता. विष्णुपंतांनी विटा पांढऱ्या केल्या, लाकडी क्रूस पुसला. हात चालत होते तशा गप्पाही चालल्या. संत्री यंदा महाग आहेत, तुझ्या शेडच्या टिनाला भोक पडलंय. ऊन उतरलं. विष्णुपंतांनी डबा उचलला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"अच्छा पास्कल, चलो."

स्कूटर सुरू केली आणि ती मागून दबली. हळूच, ओळखीचं माणूस खांद्यावर हात ठेवून बसतं तशी. विष्णुपंतांनी उतरून मागचं चाक दाबून पाहिलं. हवा ठीक होती. मागे कोणी नव्हतं. पण रस्ताभर गाडी जड चालली, आणि मानेवर गार वारा लागायला हवा तिथं लागत नव्हता.

पास्कलच्या घरापुढे गाडी थांबली आणि एकदम हलकी झाली. मीरावहिनी दारात आल्या. त्यांनी विष्णुपंतांकडे पाहिलंच नाही. त्यांच्या मागे पाहिलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या आठवड्यात रोशनी विष्णुपंतांच्या घरी आली. तिचे डोळे सुजले होते.

"काका, मम्मी जेवून नाही राहिली."

"काहून? तब्येत?"

"डॉक्टर म्हणतात, सब ठीक है. पापा गेले तेव्हा रोज रडायची. आता रडतच नाही. दिवसभर शेडमध्ये बसून राहते. ताट नेलं तर म्हणते, तिथं जाऊनच जेवीन..." ती थांबली. "कुठं जाऊन, काका? फादर येऊन तीर्थ शिंपडून गेले. त्यांच्यासमोरही हसत होती. ती चालली माझ्या हातून."

विष्णुपंतांना कब्रस्तानातलं आपलं वाक्य आठवलं.

दिवेलागणीला ते शेडमध्ये गेले. बल्ब लावलेला नव्हता. आत ग्रीसचा आणि पेट्रोलचा वास होता, पण चार महिने बंद असलेल्या जागेतला शिळा वास नव्हे. ताजा. मीरावहिनी पास्कलच्या स्टुलावर बसल्या होत्या. गाल आत गेलेले. त्यांनी पेचकसाचं टोक भिंतीच्या टिनाला टेकवलं होतं, मूठ कानाशी, डोळे मिटलेले.

"भाऊजी," त्या हळू बोलल्या, "ऐका ना. हे बोलून राहिले."

विष्णुपंतांनी पेचकस कानाला लावला. आधी आपल्याच रक्ताचा आवाज आला. मग त्याखालून, दूरच्या इंजिनासारखं काही घरघरलं. घरघर थांबे आणि शब्द येई. चलो... चलो...

"मला बोलावून राहिले," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, रोशनीचा नाताळ होऊ द्या. पण ऐकतच नाहीत. असे हट्टी नव्हते हो हे."

हट्टी नव्हताच तो. विष्णुपंतांना कळलं. पास्कलनं हयातीत कोणाला ओढलं नव्हतं. ज्या शब्दानं त्याला आणलं होतं, तोच एक शब्द त्याच्याजवळ उरला होता.

विष्णुपंत बाहेर आले. स्कूटर मागची सीट शेडच्या दाराशी येईल अशी लावली, सुरू केली आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून म्हणाले, "पास्कल... चल. तुला सोडून देतो."

बराच वेळ काही झालं नाही. मग गाडी मागून दबली.

"भाऊजी," मीरावहिनी दाराला धरून उभ्या राहिल्या. "काहून नेता त्यांना? मला एकटीला ठेवून..."

विष्णुपंतांनी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नेता आलं नसतं.

कब्रस्तानाचं फाटक लोटलेलं होतं. धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्यांनी कबरीजवळ इंजिन बंद केलं आणि हँडल धरून बसून राहिले. जळून गेलेल्या मेणबत्त्यांचा वास येत होता. कितीतरी वेळानं गाडीचा मागचा भाग सावकाश वर आला.

आता एकच गोष्ट करायची होती. काही न बोलता निघायचं. सगळ्या आयुष्यात ते पास्कलजवळून असे उठले नव्हते. शब्द ओठांशी आला, तो त्यांनी दातांत धरला. डोळ्यांतून पाणी गळू दिलं. गाडी ढकलत फाटकापर्यंत आणली.

तेव्हा मागून, नेहमीच्या त्याच संथ, मायेच्या आवाजात, कोणी हात पुसत बोलावं तसं आलं.

"अच्छा विष्णू... चलो."

निरोपच असेल. रोज तो तसंच म्हणायचा. विष्णुपंतांनी स्वतःला हे समजावलं आणि किक मारली.

परतताना एक मोठा चढ लागतो. त्या जुन्या गाडीला एकट्या माणसालाही तिथं पहिल्या गियरवर न्यावं लागे. आज ती चौथ्यावर चढली, अंगावर कोणीच नसल्यासारखी. माथ्यावर खिशातला फोन वाजला. विष्णुपंतांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली, किल्ली काढून हातात घेतली.

"काका," रोशनी रडत होती, हसतही होती. "मम्मीनं भात मागितला. वरणभात. माझ्यासमोर बसून जेवून राहिली."

"बरं झालं, बेटा. थोडं थोडं दे तिला."

"हॅलो? काका?"

"बोल. ऐकून राहिलो मी."

"काका, बोला ना... तुमचा आवाज नाही येऊन राहिला."

विष्णुपंत मोठ्यानं बोलले. मग आणखी मोठ्यानं.

"हॅलो... काका, आधी गाडी बंद करा," रोशनी म्हणाली. "नुसतं इंजिन ऐकू येऊन राहिलं."