नाव नसलेली मेथड

ही घटना खरी आहे. पटणं न पटणं ज्याचं त्याचं. माणसं इंदूरचीच, फक्त नावं बदलली आहेत.

मागच्या मे महिन्यातला शुक्रवार. मल्हारगंज. रात्रबित्र नव्हती, भर दुपार होती.

महूची दीक्षा एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. देवेंद्रजींच्या मावा, म्हणजे खव्याच्या, कारखान्यातल्या कोल्ड रूमचा प्रोग्राम तिच्याकडे नुकताच आला होता. आधी तो तिच्याच कंपनीतला मुकुल सांभाळायचा. मुकुल वर्षापूर्वी गेला.

त्याच कोल्ड रूममध्ये.

सुट्टीत एकटाच टेस्टिंगला आत शिरला, दार अडकलं... ते सुट्ट्या संपल्यावरच उघडलं. मशीन बंद होतं, तो गारठला नाही; रिकाम्या खोलीत भुकेने-तहानेने गेला.

"हद हो गई, मॅडमजी," देवेंद्रजी म्हणाले. "वर्षभर खोली बंद ठेवली, आता सुरू केली तर दार उघडून लावलं की मशीन बंद! मावा वास मारायला लागला. उद्या छत्रीबागेत लग्न आहे, सगळी मिठाई याचीच जाणार."

स्क्रीनवर दिसत होतं... आत माणसं : १.

आत कोणीच नव्हतं.

दीक्षाने कोड उघडला. दाराच्या सेन्सरने इशारा दिला की मुकुलची एक मेथड, म्हणजे कोडचा एक तुकडा, चालायची. आत माणूस असेल तर ती मशीन बंद ठेवायची, कोणी गारठून मरू नये म्हणून. शेवटच्या दिवशी टेस्टिंगसाठी मुकुलने तो आकडा एकवर ठेवला होता.

तेव्हा आत तोच होता.

त्या मेथडला नाव नव्हतं. मुकुलला नावं द्यायचा कंटाळा. लागेल तिथेच ओळी लिहून मोकळा व्हायचा. अशी बेनाम मेथड आजूबाजूचे आकडे स्वतःजवळ धरून ठेवते. ती असेपर्यंत तेही मरत नाहीत.

घाईत दीक्षाने नवशिक्यांची चूक केली. मुकुलच्या ओळी जशाच्या तशा पुन्हा लिहिल्या आणि प्रोग्रामला 'ही मेथड काढ' असं सांगितलं. प्रोग्राम सुरू केला.

आत माणसं : १.

तिने कपाळावर हात मारला. ओळी त्याच असल्या तरी कॉम्प्युटरच्या लेखी ही दुसरीच मेथड. आणि जिला नावच नाही, तिला 'जा' म्हणणार कसं?

मग तिने मुकुलचा सगळा भागच पुसला. स्वतःची मेथड लिहिली, तिला नाव दिलं, मोजणी शून्यापासून धरली.

आत माणसं : ०.

मशीन घुरघुरलं. तिला हायसं वाटलं.

"आता उघडून लावा."

देवेंद्रजींनी दार उघडलं. आत पाऊलही टाकलं नाही. लावलं.

मशीन थांबलं...

आत माणसं : १.

"सेन्सर खराब आहे तुमचा," दीक्षा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"नवा बसवलाय, मॅडमजी! तुम्ही जबरदस्ती चालवा ना मशीन."

तसं बटण होतं. तिचं बोट त्यावर गेलं, आणि तिथेच थांबलं.

आत खरंच कोणी असेल तर?

"आधी मावा बघू," ती म्हणाली.

आत आंबलेल्या दुधाचा वास होता. त्याच्याखाली आणखी एक... खूप दिवस न धुतलेल्या तोंडाचा.

माव्याच्या गोळ्यांवरची कापडं सरकलेली होती. मावा ओला, चिकट.

चावलेला.

दातांचे ठसे स्पष्ट होते. चघळून थुंकलेले लगदे कडेला पडले होते, लाळेच्या तारा सुटलेल्या. दीक्षाने एकाला बोट लावलं...

गरम होता.

तोंडावर ओढणी दाबून ती दाराकडे सरकली.

"उंदीर असेल," देवेंद्रजी पुटपुटले.

"एवढ्या मोठ्या तोंडाचा?"

"वरवरचं खरवडून टाकू. वेलची घातली, घोटलं की कुणाला कळतंय?"

तिला माव्याहून त्या माणसाचीच किळस आली. "लहान पोरं खाणार आहेत हे, काही लाज? सगळं फेका. नाहीतर आत्ताच नगर निगमवाल्यांना फोन लावते."

देवेंद्रजी काही बोलणार, एवढ्यात मागच्या रॅककडून आवाज आला.

चप... चप... चप...

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "फेका रे," ते बाहेर पळत ओरडले, "सगळं फेका!"

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. फिनाइलने धुतली. दार सताड उघडं ठेवलं. आकडा मात्र हलला नाही. दीक्षाने बॅग उचलली, कोल्ड रूमच्या दारात उभी राहून एकदा आत पाहिलं आणि निघाली.

स्टँडवर तिने महूची बस पकडली. तेवढ्यात देवेंद्रजींचा फोन आला.

"मॅडमजी, शून्य झालं!"

"कधी?"

"तुम्ही निघालात ना... तेव्हाच."

बस भरत गेली. माणसं दांड्याला लोंबकळू लागली. दीक्षाच्या शेजारची जागा रिकामीच होती. एक बाई बसायला वाकली, पदर नाकाला लावून सरळ झाली.

"शी! इथे कोणी काय सांडलंय?"

दीक्षाने खिडकीबाहेर पाहिलं. शेजारी बघायची तिची हिंमत झाली नाही. महूपर्यंत ती तशीच बसून राहिली.

ती अजूनही त्याच बसने ये-जा करते. तिच्या शेजारी अजून कोणी बसलेलं नाही.