वळणाच्या आतली बाजू

दादाचं इंजीन एक फेरी पुरी करील, तर ते धाकट्याचं. मरण्याआधी दादा वहिनीला तसं बजावून गेला होता. म्हणून त्या दुपारी धाकटा हत्यारांची पेटी घेऊन दादाच्या घरच्या माळ्यावर चढला. तिथं फळ्यांवर रुळांचं मोठं रिंगण होतं, आणि रुळांवर हातभर लांबीचं वाफेचं इंजीन. खेळण्यातलं म्हणाल तर खेळण्यातलं, पण बॉयलर खरा, जाळ खरा. लोक बघायला यायचे आणि दादाची पाठ थोपटून जायचे. चाकं मात्र धाकट्यानं लेथवर कातली होती, डोळे फुटेस्तोवर. दादानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आता सांगा, राग येणार नाही तर काय होईल?

"मेला तरी अट घालून गेला," धाकटा पुटपुटला आणि त्यानं जाळ पेटवला.

इंजीन सुटलं, आणि खिडकीजवळच्या वळणावर धाडकन घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तिथंच. त्यानं रुळांच्या सांध्यावरून नख फिरवलं. कुठं अडकलं नाही. रुळांमधलं अंतर मोजलं, चाकांमधलं मोजलं. केसाचाही फरक नाही. पुढच्या चाकांची स्प्रिंग बदलली, वेग निम्म्यावर आणला. तरी घसरलंच. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. वळणावर गाडी घसरली तर बाहेर फेकली जाते. हे दर वेळी आत पडत होतं, रिंगणाच्या मधोमध ठेवलेल्या दादाच्या स्टुलाकडे.

तो फळीखालून वाकून आत गेला आणि स्टुलापाशी उभा राहिला. म्हटलं, इथून बघू. इंजीन आलं, आणि घसरलं... बाहेर. आत्ता तो जिथून उठून आला होता, तिकडे. म्हणजे तो असेल त्याच्या बरोबर उलट बाजूला.

अंगावर सर्रकन काटा आला, पण त्याच्याही आधी टाळकं सणकलं. "तू आहेस होय!" तो ओरडला. "जन्मभर माझं श्रेय ढापलंस, आता फेरीही ढापतोस? चाकं माझी आहेत, दादा! एकदा तरी कबूल कर!"

 गरम तेलाचा वास दाटला होता. दातओठ खात त्यानं इंजीन पुन्हा रुळांवर चढवलं. या खेपेला ते वळणावर जरा हळू झालं, कुणी बोट धरून नेल्यासारखं, आणि सबंध फेरी मारून त्याच्यापुढे येऊन थांबलं.

"झाली की फेरी," दारातून वहिनी म्हणाली. जिना चढून ती कधी आली, त्याला कळलं नव्हतं. "न्या भाऊजी. तुमचंच आहे."

धाकट्याचे डोळे भरून आले. बॉयलर अजून चटके देत होता, म्हणून त्यानं चामड्याचे हातमोजे चढवले आणि इंजिनाला हात घातला. पुढची बाजू उचलली गेली. मागची हलेना.

"सोड," तो म्हणाला. "सोड, दादा..."

"भाऊजी... ओढू नका," वहिनी कुजबुजली. "ओढलेलं ह्यांना कधी खपलंय?"

त्यानं हिसका दिला. तशी पलीकडून, तापल्या बॉयलरवर, चर्र झालं. कातडी करपल्याचा वास माळ्यावर पसरला. वहिनी तोंड दाबून खाली बसली. पण पलीकडची पकड सुटली नाही.

धाकट्याच्या हातमोज्यांतूनही धूर निघू लागला होता. त्यानंही सोडलं नाही.